ओटीपी म्हणजे सही: आधार, आभा आणि सरकारी खिडकीवरची सावधगिरी

सरकारी रुग्णालयातल्या केसपेपरच्या खिडकीपाशी सकाळी नऊ वाजता पाच मिनिटं उभं राहून बघा. आतून आवाज येतो, "काका, ओटीपी सांगा." काका खिशातून फोन काढतात, चष्मा शोधतात, फोन हातभर लांब धरतात आणि मागच्या वीस माणसांना ऐकू जाईल अशा आवाजात सहा आकडे वाचून दाखवतात. याच काकांना कोणालाही फोन लावताना कितीतरी महिने ऐकवलं गेलं होतं की ओटीपी कोणालाही सांगू नका. आता खिडकीतला माणूसही सरकारी आणि फोनवरची सूचनाही सरकारी. काकांनी कोणाचं ऐकायचं?

रविवारी सकाळी आमच्या भागातल्या वाचनालयात मी ज्येष्ठांची मोबाइलची कामं करून देत बसतो. तिथे सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच. माझं उत्तर ठरलेलं आहे: ओटीपी म्हणजे सही. अंगठा मशीनवर ठेवणं म्हणजेही सही, आणि कॅमेऱ्यासमोर चेहरा धरणं म्हणजेही सहीच. "सही कधीच करू नका" असं आपल्याला घरात कोणी शिकवलं नाही, "वाचून करा" असं शिकवलं. अडचण इतकीच की इथे कागद त्यांच्या पडद्यावर असतो आणि सही आपल्या हातात. म्हणून निम्मं काम एका वाक्यात होतं: "मॉनिटर जरा इकडे वळवता का?"

आधारचा बारा आकडी क्रमांक ही काही सही नाही. देशातलं पहिलं आधार २९ सप्टेंबर २०१० रोजी आपल्याच नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात दिलं गेलं. तेव्हापासून या क्रमांकाच्या इतक्या झेरॉक्स इतक्या फायलींत गेल्या आहेत की आता तो गुपित ठेवायला निघणं म्हणजे वरात निघून गेल्यावर मांडव घालणं. क्रमांक उघडा पडला असेल असं धरून चाला आणि सहीची साधनं सांभाळा. त्यांचा माझा क्रम असा: आधी मोबाइल नंबर, मग अंगठा, मग कागद आणि शेवटी आरोग्याच्या नोंदी. बहुतेक लेख झेरॉक्सपासून सुरू होतात. मी ती मुद्दाम तिसऱ्या नंबरवर ठेवली आहे.

पहिलं काम: आधारला नंबर कोणाचा जोडलाय?

माय आधार संकेतस्थळावर लॉगिन न करताही "चेक आधार व्हॅलिडिटी" हा पर्याय चालतो. तिथे आधार क्रमांक आणि चित्रातली अक्षरं टाकली की वयोगट, लिंग, राज्य आणि जोडलेल्या मोबाइलचे शेवटचे तीन आकडे दिसतात. हे तीन आकडे तुमच्या आजच्या नंबरचे आहेत का ते बघा. घरातल्या प्रत्येकाचे बघा, आजी-आजोबांचे सगळ्यात आधी.

एका मावशींचे तीन आकडे घरातल्या कुठल्याच नंबराशी जुळेनात. तासभर नातेवाइकांना फोन केल्यावर उलगडा झाला. बऱ्याच वर्षांपूर्वी शिबिरात आधार काढताना सोबत आलेल्या भाच्याचा नंबर दिला होता. भाच्यानं ते सिम कधीच टाकून दिलं होतं. बंद पडलेला नंबर कंपन्या किमान ९० दिवस थांबून दुसऱ्या ग्राहकाला देऊ शकतात. म्हणजे मावशींच्या सहीचा शिक्का एखाद्या अनोळखी माणसाच्या खिशात असण्याची शक्यता होती, आणि त्या माणसालाही याचा पत्ता नसणार.

नंबर बदलायला आधार केंद्रावर जा. कागदपत्र लागत नाही, स्वतः हजर राहून बोटं टेकवावी लागतात. ऑक्टोबर २०२५ पासून याचं शुल्क ७५ रुपये आहे. केंद्रचालकानं जास्त मागितले तर पावती मागा, आकडा आपोआप खाली येतो. त्याच फेरीत ईमेलही जोडून घ्या. त्याचा फायदा असा की आधार कुठे वापरलं गेलं की कोणत्या संस्थेनं कधी वापरलं याची मेल येते. हे फार थोड्या लोकांना ठाऊक आहे.

परत आल्यावर फोनमध्ये दोन गोष्टी करा. लॉक असलेल्या पडद्यावर मेसेजचा मजकूर दिसणं बंद करा, नाहीतर फोन टेबलावर कुलूपबंद पडलेला आणि ओटीपी वर चमकतोय अशी गंमत होते. आणि दूरसंचार विभागाच्या संचार साथी संकेतस्थळावर तुमच्या नावावर किती सिम आहेत ते तपासा. तुम्ही न घेतलेलं सिम दिसलं तर "हा माझा नंबर नाही" अशी तक्रार तिथेच करता येते.

आता त्या खिडकीवरच्या काकांकडे परत येऊ. ओटीपी सांगायचा की नाही हे ठरवायला मी तीन प्रश्न विचारायला लावतो. हे काम मी काढलं की समोरच्यानं? फोन करून कोणी ओटीपी मागत असेल तर काम त्यानं काढलंय, विषय तिथेच संपला. दुसरा प्रश्न, मेसेजमध्ये काय लिहिलंय? बँकेच्या ओटीपीत रक्कम आणि कोणाला जातेय ते असतं. ते वाचायच्या आत आकडे वाचणं म्हणजे कोऱ्या स्टँपपेपरवर सही. आधारच्या ओटीपीत एवढा तपशील मिळेलच असं नाही, म्हणूनच तो मॉनिटर वळवून घ्यायचा. तिसरा प्रश्न, आकडे मला स्वतःला टाकता येतील का? नसेल जमत तर ओरडून सांगण्यापेक्षा फोनचा पडदा काचेला लावून दाखवा. फोन मात्र खिडकीच्या आत देऊ नका. काम करणारा प्रामाणिकच असतो हो बहुतेक वेळा, पण उघडा फोन म्हणजे सगळ्या सह्यांचं पुस्तकच.

सरकारी खात्याच्या मेसेजमध्ये पाठवणाऱ्याच्या नावाच्या शेवटी हायफन आणि इंग्रजी जी हे अक्षर असतं. दहा आकडी साध्या नंबरावरून "तुमचं आधार बंद होणार" असा मेसेज आला तर तो उघडण्याचेही कष्ट घेऊ नका.

दुसरं: अंगठा

बँकेचं नाव, आधार क्रमांक आणि बोटाचा ठसा एवढ्यावर पैसे काढता येतात. ना पिन, ना ओटीपी. गावात बँकमित्राकडे, म्हणजे बँकेच्या वतीनं पैसे देणाऱ्या माणसाकडे, पेन्शन काढायची सोय याच पद्धतीनं झाली आणि ती खरोखर मोठी सोय आहे. पण खरेदीखतांवरचे ठसे उचलून, त्यांचे रबरी किंवा सिलिकॉनचे साचे बनवून खात्यांतून पैसे काढल्याचे गुन्हे देशात एकापेक्षा जास्त राज्यांत पोलिसांनी उघडकीला आणले आहेत. दस्त नोंदणीत अंगठा द्यावाच लागतो, तो टाळता येत नाही. आधार प्राधिकरणानं फेब्रुवारी २०२३ मध्ये ठशाच्या तपासणीत आणखी एक थर घातला, बोट जिवंत आहे का हे ओळखणारा. तरीही आपल्या हातात एक कुलूप आहे, ते का न लावावं?

माय आधारवर ओटीपीनं लॉगिन करा, "लॉक/अनलॉक बायोमेट्रिक्स" उघडा आणि लॉक करा. यानंतर तुमचा ठसा, बुबुळ, चेहरा यांपैकी कशानंही ओळख पटवता येणार नाही. ओटीपी मात्र चालू राहतो. गरज पडली की तिथूनच तात्पुरतं उघडता येतं आणि दहा मिनिटांनी कुलूप आपोआप पुन्हा लागतं.

यातली मेख मला रेशन दुकानात कळली. शेजारच्या आजोबांचं बायोमेट्रिक मी मोठ्या हौसेनं लॉक करून दिलं होतं. पुढच्या आठवड्यात दुकानातून फोन, "आजोबांचा अंगठा लागत नाही, मशीन ३३० दाखवतंय." ३३० हा "धारकानं बायोमेट्रिक लॉक केलं आहे" याचा कोड. दुकानदाराला तो माहीत नव्हता, आजोबांना तर नाहीच. तांदूळ न घेता घरी आले बिचारे. तेव्हापासून मी आधी विचारतो: महिन्यात अंगठा किती ठिकाणी लागतो? रेशन, बँकमित्र, नोव्हेंबरातला हयातीचा दाखला, हे सगळं अंगठ्यावर असेल आणि दहा मिनिटांत उघडून देणारं घरात कोणी नसेल, तर कायमचं लॉक करू नका. त्याऐवजी बँकेत लेखी अर्ज देऊन अंगठ्यानं पैसे काढण्याची सोय बंद करता येते का ते विचारा, काही बँका करून देतात. ज्यांचा अंगठा वर्षातून एकदाही लागत नाही अशा आपल्यासारख्या शहरी लोकांनी मात्र आज, हा लेख बाजूला ठेवून, लॉक करावं.

बँकमित्राकडे किंवा केंद्रावर अंगठा देताना एक जुनी क्लृप्ती लक्षात ठेवा: "ठसा उमटला नाही, परत ठेवा." कष्टाच्या कामानं बोटं झिजलेली असतात, त्यामुळे हे पुष्कळदा खरंच असतं. पण प्रत्येक वेळी टेकवलेलं बोट हा नवा व्यवहार असू शकतो. म्हणून दुसऱ्यांदा बोट ठेवण्याआधी पहिला व्यवहार फसल्याची पावती मागा किंवा पडदा बघा. घरी येऊन पासबुक भरा.

महिन्यातून एकदा माय आधारवरच "ऑथेंटिकेशन हिस्टरी" उघडा. मागच्या सहा महिन्यांपर्यंतच्या नोंदी, एका वेळी जास्तीत जास्त ५०, दिसतात: तारीख, वेळ, ओटीपी की ठसा, कोणती संस्था, जमलं की फसलं. एखाद्या नोंदीत तुम्ही कधीच न गेलेल्या बँकेचं नाव आणि रात्रीची वेळ दिसली, की पुढचं सगळं सोडून शेवटून दुसऱ्या भागाकडे वळा.

तिसरं: झेरॉक्स, पीडीएफ आणि खोट्या साइट

मे २०२२ मध्ये एक मजा झाली. आधार प्राधिकरणाच्या बेंगळुरू कार्यालयानं पत्रक काढलं की आधारची झेरॉक्स कोणालाही देऊ नका. देशभर गलका झाला आणि दोनच दिवसांत मंत्रालयानं ते पत्रक मागे घेतलं, लोकांनी नेहमीचं तारतम्य बाळगावं असं म्हणत. तारतम्य म्हणजे काय हे काही पत्रकात नव्हतं. माझ्या मते ते असं.

जिथे ओळखीपुरता कागद हवा, म्हणजे लॉज, सोसायटीचं गेट किंवा खासगी क्लास, तिथे मास्क केलेलं आधार द्या. डाउनलोड करताना "मास्क्ड आधार हवं का" या चौकोनात टिक केली की पहिले आठ आकडे झाकलेली प्रत मिळते. पूर्ण झेरॉक्स द्यावीच लागली तर तिच्यावर आडवं लिहा: कशासाठी, कोणाला, तारीख आणि सही. छायाचित्रावरून रेघ जाईल असं लिहा. ती प्रत दुसऱ्या कामाला वापरणं मग अवघड होतं. आणि जिथे क्रमांक टाकायचा आहे पण मूळ क्रमांक द्यावासा वाटत नाही तिथे सोळा आकडी व्हीआयडी, म्हणजे आधार क्रमांकाऐवजी चालणारा तात्पुरता क्रमांक, वापरा. जोडलेल्या मोबाइलवरून १९४७ या नंबराला इंग्रजी कॅपिटलमध्ये जी, व्ही, आय, डी ही चार अक्षरं, एक जागा सोडून आधारचे शेवटचे चार आकडे, असा एसएमएस केला की व्हीआयडी येतो. हवा तेव्हा नवा काढा, जुना निकामी होतो.

खरी गळती झेरॉक्सच्या दुकानात आहे. "दादा, व्हॉट्सॲपवर पाठवा, प्रिंट काढतो." त्या दुकानाच्या कॉम्प्युटरवर डाउनलोड्सचा फोल्डर उघडा दिसला तर एकदा नजर टाका. अख्ख्या वॉर्डाचं आधार, पॅन, लग्नाचे दाखले तिथे सुखानं नांदत असतात. ई-आधारच्या पीडीएफला पासवर्ड असतो खरा, पण तो म्हणजे नावाची पहिली चार इंग्रजी कॅपिटल अक्षरं आणि जन्मसाल. फाइलच्या नावावर "सुनीता आधार" लिहिलेलं असेल तर उरतं काय? फक्त जन्मसाल. प्रिंट हातात आली की आपल्यासमोर फाइल डिलीट करून घ्या, रिसायकल बिनमधूनही. व्हॉट्सॲपवर "सर्वांसाठी डिलीट" केल्यानं दुकानाच्या कॉम्प्युटरवर उतरलेली प्रत जात नाही. लाजू नका, दुकानदारांना आता सवय झाली आहे.

कागदाऐवजी डिजिलॉकर हे सरकारी ॲप चांगलं, कारण त्यात कागद थेट देणाऱ्या खात्याकडून येतो. फक्त त्याचा सहा आकडी पिन जन्मतारीख ठेवू नका.

संकेतस्थळाचा पत्ता वाचायची एक रीत आहे. पहिल्या तिरप्या रेघेपर्यंतचा भाग घ्या आणि उजवीकडून डावीकडे वाचा. सगळ्यात उजवीकडे इन, त्याच्या डावीकडे जीओव्ही किंवा एनआयसी आणि मध्ये फक्त टिंब असेल तरच ते सरकारी. नावात कुठेतरी जीओव्ही किंवा योजना हे शब्द असणं पुरेसं नाही. लाडकी बहीण योजनेची ई-केवायसी २०२५ मध्ये सुरू झाली तेव्हा शोधयंत्रात सारख्या नावाच्या खोट्या साइट वर येत होत्या आणि बायका तिथे आधार, बँक खातं सगळं भरून मोकळ्या होत होत्या. योजनेची साइट शोधून उघडू नका. अंगणवाडीत किंवा ग्रामपंचायतीच्या फलकावर लिहिलेला पत्ता हातानं टाका. आणि व्हॉट्सॲपवर आलेली, नावाच्या शेवटी एपीके असलेली, म्हणजे फोनमध्ये ॲप बसवणारी फाइल, मग ती आरटीओचं चलान म्हणून येवो की लग्नाची पत्रिका म्हणून, उघडायचीच नाही. ती फोनमध्ये बसली की तुमचे ओटीपी तुमच्याआधी ती वाचते.

चौथं: आभा

आता रुग्णालय. आयुष्मान भारत डिजिटल मिशन देशभर सुरू झालं २७ सप्टेंबर २०२१ रोजी. त्यातलं आभा म्हणजे चौदा आकडी आरोग्य ओळख. पहिला घोळ इथेच होतो: आभा म्हणजे पाच लाखांच्या उपचारांचं आयुष्मान कार्ड नव्हे. आभानं पैसे मिळत नाहीत, ते फक्त नोंदी जोडतं. ते ऐच्छिक आहे, आणि ते नाही म्हणून उपचार अडवता येत नाहीत. "आभा काढल्याशिवाय केसपेपर नाही" असं खिडकीवर कोणी म्हणालं तर शांतपणे "आत्ता नको, साधा केसपेपर द्या" म्हणा.

तुमचं आभा आधीच निघालेलं असण्याची शक्यता मोठी आहे. करोनाच्या लसीकरणात, शिबिरांत, ओपीडीत लाखो लोकांची ओळख अशी तयार झाली. आभा डॉट एबीडीएम डॉट जीओव्ही डॉट इन इथे आधार किंवा मोबाइलनं लॉगिन करून बघा. निघालेलं असेल तर आधी मोबाइल नंबर तपासा. शिबिरातल्या कार्यकर्त्यानं घाईत स्वतःचा नंबर टाकल्याची उदाहरणं मी पाहिली आहेत. नको असेल तर ते निष्क्रिय करण्याचा किंवा कायमचं काढून टाकण्याचा पर्याय तिथेच आहे.

ठेवायचं असेल तर रचना समजून घ्या, कारण ती मला तरी बरी वाटते. तुमचे रिपोर्ट दिल्लीत कुठल्या एका कपाटात जाऊन पडत नाहीत. ते ज्या लॅबमध्ये किंवा रुग्णालयात तयार झाले तिथेच राहतात. दुसऱ्या डॉक्टरांना ते हवे असतील तर त्यांच्याकडून विनंती येते आणि ती तुमच्या आभाच्या ॲपमध्ये दिसते. तुम्ही मंजूर केलीत तरच माहिती जाते. या विनंतीत चार गोष्टी असतात: कोण मागतंय, कशासाठी, कोणत्या प्रकारच्या नोंदी आणि कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत. शिवाय परवानगी कधी संपणार तेही.

लोक सरळ "मंजूर" दाबतात. दाबू नका, आधी कातरी लावा. समजा तुम्ही गुडघेदुखीसाठी अस्थिरोगतज्ज्ञांकडे गेलात आणि विनंती आली पाच वर्षांच्या सगळ्या नोंदींची, मुदत एक वर्ष. त्यात तीन वर्षांपूर्वीची मानसोपचारतज्ज्ञांची चिठ्ठी आहे, गर्भपाताची डिस्चार्ज समरी आहे. गुडघ्याला त्यांचं काय काम? तारीख मागच्या सहा महिन्यांवर आणा, प्रकारांत फक्त तपासणी अहवाल ठेवा, मुदत आठवड्याची करा आणि मग मंजूर करा. उलट भूल द्यायची असेल तर काही लपवू नका, तिथे जुनी औषधं माहीत असणं जिवाचा प्रश्न असतो. परवानगी नंतर मागेही घेता येते. पण मागे घेतली तरी डॉक्टरांनी वाचलेलं त्यांच्या डोक्यातून पुसलं जात नाही, म्हणून कातरी आधी.

ओपीडीत क्यूआर स्कॅन करून टोकन मिळतं, रांग वाचते. स्कॅन केल्यावर नाव, वय, लिंग, मोबाइल हे रुग्णालयाला जातं, रिपोर्ट जात नाहीत. ही सोय मी स्वतः वापरतो.

एक गोष्ट मात्र आपल्या हातात नाही. २३ नोव्हेंबर २०२२ रोजी दिल्लीच्या एम्सवर खंडणीखोरांचा सायबर हल्ला झाला. पाच सर्व्हर बाधित झाले, सुमारे १.३ टेराबाइट माहिती कुलूपबंद झाली आणि देशातल्या इतक्या नावाजलेल्या रुग्णालयात पुढचे कितीतरी दिवस केसपेपर, रिपोर्ट, बिलं हातानं लिहावी लागली. रुग्णांनी कितीही पिन जपले असते तरी काही फरक पडला नसता. म्हणून प्लास्टिकच्या पिशवीतली ती जाडजूड फाइल, जिला आपण हसतो, फेकू नका. रक्तगट, ॲलर्जी, चालू औषधं, शेवटची डिस्चार्ज समरी, एवढ्याची कागदावरची प्रत घरात ठेवाच. रुग्णालयांना जबाबदार धरणारा वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ चा आहे, दंड २५० कोटी रुपयांपर्यंत. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले आणि बरीचशी कलमं टप्प्याटप्प्यानं लागू होणार आहेत. तोवर फाइलच खरी.

घात झालाच तर

पहिला फोन १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या राष्ट्रीय मदत क्रमांकाला. नंतर बघू, मुलगा संध्याकाळी घरी आला की करू, असं नाही. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात पळत असतात, लवकर कळवलं तर वाटेत गोठवता येतात. दुसरा फोन बँकेला, आणि त्याच दिवशी शाखेत लेखी अर्ज, त्याच्या प्रतीवर पोच शिक्का. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार चूक तुमचीही नाही आणि बँकेचीही नाही अशा तिऱ्हाइताच्या फसवणुकीत, बँकेकडून व्यवहाराची सूचना मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर तुमची जबाबदारी शून्य. सात दिवसांपर्यंत ती मर्यादित, पुढे बँकेच्या धोरणावर. स्वतः ओटीपी सांगितला असेल तर हे गणित तुमच्या विरुद्ध जातं, पण तक्रार तरीही करायचीच.

मग बायोमेट्रिक लॉक करा, ऑथेंटिकेशन हिस्टरीचे स्क्रीनशॉट काढा आणि सायबर क्राइमच्या राष्ट्रीय पोर्टलवर लेखी तक्रार नोंदवून तिचा क्रमांक जपून ठेवा. शाखेतला कुणी "साहेब जेवायला गेलेत, उद्या या" म्हणाला तर अर्ज इनवर्डला द्या. शिक्क्यावरची तारीख महत्त्वाची, साहेबांचं जेवण नव्हे.

घरातलं माणूस गेल्यावर

हा भाग कोणी लिहीत नाही, आणि वाचनालयात मला तोच वरचेवर करावा लागतो. वडील गेले की पंधरा दिवसांत त्यांचं सिम बंद करण्याची घाई होते, महिन्याचं रिचार्ज कशाला म्हणून. थांबा. बँकेतली वारस नोंद, विमा, पेन्शनचं खातं, डिजिलॉकरमधले कागद, सगळ्यांचे ओटीपी त्याच नंबरावर येतात, आणि बंद केलेला नंबर पुढे दुसऱ्याच्या हातात जातो. सहा-आठ महिने सगळ्यात स्वस्त रिचार्ज चालू ठेवा. मृत्यूचा दाखला मिळाला की माय आधारवर कुटुंबातल्या व्यक्तीच्या मृत्यूची माहिती देण्याचा पर्याय आहे. २०२५ मध्ये तो काही राज्यांसाठी सुरू झाला, तिथे दाखल्याचा क्रमांक टाकावा लागतो. बँकांची यादी करून एकेक खातं बंद झालं की खूण करा. सिम सगळ्यात शेवटी.